हात बसणे : अवजार, देह आणि बुद्धी

मराठीत नवशिक्या माणसाबद्दल 'अजून हात बसला नाही' असे म्हणतात. वखर असो, शिवणयंत्र असो की तबला, आधी हात बसावा लागतो. पुढे तेच काम 'अंगवळणी पडते'. या दोन्ही शब्दप्रयोगांत डोक्याचा उल्लेख नाही. काम येणे म्हणजे काय, याचा निवाडा करताना भाषेने साक्षीला बोलावले आहे ते हाताला आणि अंगाला.

गेल्या तीसेक वर्षांत मेंदूविज्ञान याच ठिकाणी वेगळ्या वाटेने येऊन पोहोचले आहे. अवजार हाती घेऊन वापरू लागताच मेंदूने स्वतःच्या शरीराचा धरलेला हिशेब बदलतो, असे दाखवणारे बरेच प्रयोग झाले. त्यावरून एक सोपे समीकरण सर्वत्र रूढ झाले : अवजार म्हणजे लांब झालेला हात, आणि लांब झालेला हात म्हणजे वाढलेली बुद्धी. दगडी हत्यारापासून मोबाइलपर्यंतची मानवाची सगळी कहाणी या एका ओळीत बसवली जाते. हे समीकरण अर्धेच खरे आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर अवजाराला जावक असते तशी आवकही लागते. हाताकडून अवजाराच्या टोकाकडे बळ जाते, ही जावक. टोकाकडून हाताकडे खबर येते, ही आवक. देह वाढतो आणि शहाणा होतो तो आवकेमुळे. आवक तुटली आणि जावक तेवढी वाढली, तर काय होते याचा दाखला यवतमाळ जिल्ह्याने दिलेला आहे, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवांनी मोजली गेली आहे.

हत्यारे करणारा प्राणी

दोन पायांवर उभे राहिल्यामुळे हात मोकळे झाले, मोकळ्या हातांनी हत्यारे धरली आणि त्यातून बुद्धीला चालना मिळाली, अशी मांडणी डार्विनने १८७१ मध्ये केली. एंगल्सने १८७६ मध्ये लिहिलेल्या निबंधात श्रमाला मानवाचा घडवणारा मानले. केनेथ ओकली यांनी १९४९ मध्ये 'हत्यारे करणारा' हीच माणसाची ओळख ठरवली. मग १९६० मध्ये गोम्बेच्या जंगलात जेन गुडाल यांनी चिंपांझीला काडी सोलून वारुळातली वाळवी बाहेर काढताना पाहिले, आणि ही ओळख माणसापुरती उरली नाही. केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी येथे सापडलेली दगडी हत्यारे सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्या काळच्या मानवसदृश प्राण्यांचा मेंदू आजच्या माणसाच्या मेंदूच्या जेमतेम एक तृतीयांश होता. म्हणजे मोठा मेंदू आधी आणि हत्यार नंतर, असा क्रम नाही. हत्यार आधीपासून होते, मेंदू त्याच्या मागून वाढला.

आपल्याकडेही या प्रवासाचे टप्पे आहेत. ह. धी. सांकलिया यांनी प्रवरेकाठी नेवाशाला केलेल्या कामाने महाराष्ट्राचे अश्मयुग जगाच्या नकाशावर आले. यवतमाळच्या शेजारी, चंद्रपूरच्या पापामिया टेकडीवर दगडी हत्यारे मिळाली आहेत. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी सापडली, आणि विदर्भाच्या शिळावर्तुळांतून लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या. त्यांतल्या काही कुऱ्हाडी दांड्याला आडव्या कड्यांनी जखडण्याची पद्धत हे या भागाचे वैशिष्ट्य मानले जाते. यवतमाळ जिल्ह्यात बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडच्या टेकाडावर नागपूर विद्यापीठाने अलीकडे उत्खनन केले, आणि तिथली लोहयुगीन वस्ती सुमारे तीन हजार वर्षांमागे गेली.

या पुराव्याकडे पाहताना एक गोष्ट विसरली जाते. दगड टिकतो, लोखंड गंजून का होईना उरते. दांडा कुजतो. मूठ कुजते. टोपली, दोर, खणायची काठी, पाठीला बांधायची झोळी यांतले काहीच हाती लागत नाही. म्हणजे पुरातत्त्वाच्या हाती येते ते अवजाराचे जगाकडचे टोक, आणि हरवते ते शरीराकडचे. आपण उरलेल्या अर्ध्यावरून पूर्ण कहाणी लिहिली, आणि ती साहजिकच प्रहाराची, कापण्याची, जावकीची कहाणी झाली. खरे तर कड्यांनी दांडा घट्ट बसवणाऱ्या त्या लोहाराला दुसरी बाजू ठाऊक असणार. कुऱ्हाड दांड्यात डगमगली तर घाव तर चुकतोच, शिवाय लाकूड कसे आहे तेही हाताला कळत नाही.

देहाचा आराखडा

आता मेंदूकडे. 'देहप्रतिमा' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. मी कसा दिसतो, किती उंच, किती जाड, ही जाणिवेतली प्रतिमा एक. दुसरी गोष्ट जाणिवेच्या खाली चालते : हात या क्षणी कुठे आहे, किती पुढे गेला तर तांब्याला लागेल, याचा सतत चालू असलेला हिशेब. याला देहाचा आराखडा म्हणू. १९११ मध्ये हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञांनी ही कल्पना मांडली, तेव्हाच असेही नोंदवले की हा आराखडा कातडीपाशी संपत नाही, टोपीत खोवलेल्या पिसाच्या टोकापर्यंतही तो जाऊ शकतो. आपल्याला टोपीचे पीस नको. डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन बुटक्या दारातून आत येणारी बाई नेमकी तेवढीच वाकते, ती गुंडाची उंची मनात मोजत नाही. त्या घटकेला तिची उंची गुंडासकट असते.

१९९६ मध्ये जपानच्या अत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी माकडांना दाताळ्याने दूरचे खाद्य ओढायला शिकवले. मेंदूच्या पार्श्विक भागात अशा पेशी असतात की हाताला स्पर्श झाला तरी त्या जाग्या होतात आणि हाताजवळ काही दिसले तरीही. माकड दाताळे वापरू लागले तसा या पेशींचा 'हाताजवळचा' प्रदेश दाताळ्याच्या टोकापर्यंत पसरला. प्रयोगाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो : दाताळे नुसते हातात धरून ठेवले, काही ओढायचे नसले, तर हा प्रदेश पसरत नव्हता. धरणे पुरत नाही, वापर लागतो.

पुढे २००९ मध्ये लुचिल्ला कार्डिनाली यांच्या गटाने दाखवले की चिमट्यासारखे लांब साधन काही वेळ वापरलेली माणसे, साधन खाली ठेवल्यावरही, आपला हात लांब असल्यासारखी हालचाल करतात. २०१८ मध्ये ल्यूक मिलर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात लोकांनी लाकडी दांडी हातात धरली. दांडीवर नेमका कुठे स्पर्श झाला हे न बघता त्यांना बरेचसे अचूक सांगता आले, कारण दांडीतून हातापर्यंत येणाऱ्या कंपनांतच जागेची माहिती होती. याला आक्षेपही आले. निकोलस होम्स यांनी २०१२ मध्ये आधीच्या प्रयोगांची फेरतपासणी करून म्हटले की देहाभोवतीची जागा खरोखर लांबत असेलच असे नाही, कदाचित लक्ष तेवढे टोकाकडे जात असेल. हा आक्षेप मोलाचा आहे. पण दोन्ही बाजू एका मुद्द्यावर जवळ येतात : महत्त्व साधनाच्या लांबीला नाही, काम जिथे चालले आहे त्या टोकाला आहे. टोक बोलते तोवर देह तिथे असतो.

चाड्यावरची मूठ

हे समजायला प्रयोगशाळेपेक्षा तिफण सोयीची आहे. तीन फण, त्यांना जोडलेल्या पोकळ नळ्या, आणि वर एक लाकडी वाडगे, म्हणजे चाडे. पेरणीला हात घालणे म्हणजे 'चाड्यावर मूठ धरणे'. मुठीतून दाणे सोडायचे ते बैलांच्या चालीने. बैल रेंगाळले की बोटे आवळतात, चाल वाढली की सैल होतात. ओल्या मातीने नळी बुजली तर चाड्यात दाणा साचतो आणि मुठीला ते लगेच समजते. बैलाची चाल, फणाची खोली आणि मातीची ओल मुठीपर्यंत पोहोचते, आणि मूठ त्याला उत्तर देते. एकरी किती बियाणे लागले हा आकडा नंतरचा. तो मुठीने आधीच ठरवलेला असतो. याला बुद्धी म्हणायचे नसेल तर बुद्धी शब्दाची व्याख्या नव्याने करावी लागेल.

आज कपाशीचे महागडे संकरित बियाणे तिफणीने पेरत नाहीत. बाया ते एकेक करून टोबतात. वेचणीच्या वेळी त्याच बाया कमरेला ओटी बांधतात आणि ती भरत आली की वजनावरून जाणतात, थांबून पाहत नाहीत. हत्यारांच्या इतिहासात भाल्याला जागा मिळाली, ओटीला मिळाली नाही. खरे म्हणजे ओटीसारखे साधन देहाला लांब करत नाही, आतून मोठे करते. देहाच्या आराखड्यावर लिहिणाऱ्यांनी पोहोचण्याइतकाच साठवण्याचाही विचार करायला हवा होता.

जात्याचे उदाहरण साहित्याच्या वाचकाला अधिक जवळचे. दोघी समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. जात्यात दाणे संपत आले की आवाज बदलतो, ओढ बदलते. त्या फेऱ्याशी बांधलेली ओवी ही मराठीची फार मोठी ठेव आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आपल्या समीक्षेने त्यांत बाईचे दुःख पाहिले, भक्ती पाहिली, आणि ते योग्यच झाले. पण ओवीची चाल जिथून आली ते अवजार समीक्षेत बहुधा पार्श्वभूमी म्हणूनच येते. जाते हे ओवीचे नेपथ्य नाही, तो तिचा ठेका आहे. पिठाची गिरणी आल्यावर बाईचे कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. ओवीही थांबली, कारण खुंट्यावरून येणारी खबर थांबली.

बहिणाबाई चौधरींची सुगरणीच्या खोप्यावरची कविता शाळेपासून आपल्या ओळखीची आहे. पक्ष्याची चोच एका पारड्यात आणि माणसाचे हात दुसऱ्या पारड्यात ठेवून ती माणसाला खजील करते. आपण तिचा अर्थ आळसाला दिलेली चपराक एवढाच घेतो. तिच्यात आणखी एक भेद दडला आहे. सुगरणीचे अवजार म्हणजे तिची चोच, आणि ती तिला उतरवून ठेवता येत नाही. माणसाला येते. इरिकींच्या माकडाचा पसरलेला प्रदेश काम थांबल्यावर पुन्हा आक्रसला होता; देहाने वाढणे आणि परत येणे या दोन्ही गोष्टी साधल्या, म्हणून त्याला आज दाताळे आणि उद्या दुसरे काही धरता येते. खंडेनवमीला आपण अवजारे धुऊन, ओळीने मांडून पूजतो, तेव्हा एक दिवस ती हातावेगळी असतात. माणसाच्या बुद्धीचे मर्म अवजार उचलण्याइतकेच ते खाली ठेवता येण्यातही आहे.

२०१७ चा खरीप

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांवर उपचार करावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. बोंडअळीचा जोर, एकमेकांत कालवलेली औषधे, डोक्याच्या उंचीला पोचलेली पऱ्हाटी, 'चायना पंप' म्हणून ओळखले जाणारे बॅटरीचे पंप, अशी अनेक कारणे पुढे आली. त्याचबरोबर एक सूर सतत ऐकू येत होता : शेतकऱ्यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही, लेबल वाचले नाही. थोडक्यात, त्यांनी अक्कल वापरली नाही.

अवजाराच्या बाजूने पाहिले तर हा सूर टिकत नाही. जुन्या पाठपंपाला एका हाताने दांडा मारत राहावे लागे. दाब हातातून यायचा, म्हणून फवारा किती जोरात चालला आहे हे दंडाला कळायचे. दंड थकला की फवाराही मंदावायचा. ते काम सुखाचे नव्हते आणि विषही तेच होते, पण हाताचा आणि फवाऱ्याचा दुवा शाबूत होता. बॅटरीच्या पंपाने दांडा काढून घेतला. कष्ट वाचले, वेग वाढला, एका दिवसात अधिक रान होऊ लागले. बळ मोटारीचे झाले, आणि त्याबरोबर खबर बंद झाली. फवारा जितका बारीक तितका तो हवेत अधिक वेळ तरंगतो आणि वाऱ्याने माघारी येतो. नोझलच्या टोकापर्यंत देह पोचला तरी विषाचे धुके त्या टोकाच्या पुढे आणि मागेही असते. धुक्याला टणकपणा नसतो, ओढ नसते, कंपन नसते. पाठीवरची पंधरा-सोळा लिटरची टाकी पाझरली तर भिजलेला सदरा आणि घामाने भिजलेला सदरा अंगाला सारखेच लागतात. कमरेएवढ्या पिकात फवारताना निदान डोळ्यांना धुके खाली दिसते. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत माणूस त्याच्या आतच असतो.

त्यातही एक क्रूर योग आहे. तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली विषे होती. ती कातडीतूनही शरीरात जातात. मज्जातंतूचा निरोप पोचल्यावर तो थांबवणारे जे विकर शरीरात असते, त्यालाच ती निकामी करतात. निरोप संपत नाही. बाहुल्या आकसतात, घाम आणि लाळ सुटते, स्नायू फडफडतात, मग गळून जातात. म्हणजे ज्या यंत्रणेने देह आपली खबर ठेवतो, घाव तिच्यावरच पडतो. आणि घाम तर फवारणीत येतच असतो, मग पहिली खूण ओळखायची कशी?

हातमोजे आणि मुखपट्टी निश्चितच हवीत. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात, मजुरीच्या घाईत, दमट रानात ती वापरली जावीत अशी अपेक्षा ठेवून आपण एक अवघड गोष्ट केली : पंपाने जी खबर काढून घेतली, ती माणसाने वाचलेल्या कागदावरून भरून काढावी असे ठरवले. अंगवळणी पडलेले ज्ञान आणि वाचून मिळालेले ज्ञान एकमेकांची जागा इतक्या सहज घेत नाहीत. जुन्या पंपावर बसलेला हात नव्या पंपावर आपोआप बसत नाही, उलट तो नव्याला जुन्याच्या मापाने वागवतो. हा अडाणीपणा नव्हे. चांगला शिकलेला देह असाच वागतो.

रक्तात काय उतरते

इथे उत्क्रांतीच्या प्रश्नाकडे परत जाता येते. डिट्रिच स्टाउट आणि सहकाऱ्यांनी आजच्या माणसांना अश्मयुगीन पद्धतीने दगड घडवायला शिकवले आणि मेंदूत होणारे बदल २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. शिकण्याने मेंदूच्या जोडण्या बदलतात, हे त्यातून दिसले. पण असा बदल मुलाच्या जन्मात उतरत नाही. लोहाराचे पोर बसलेला हात घेऊन जन्माला येत नाही. पिढ्यान्पिढ्या निवड होत आली ती हत्यारांच्या जगात चटकन शिकू शकणाऱ्यांची, आणि मागे उरले ते शिकवणारे हात, ठेवलेली अवजारे, म्हणी आणि ओव्या.

आपल्या समाजात हा मुद्दा शास्त्रापुरता राहत नाही. 'त्यांच्या रक्तातच आहे' असे म्हणत आपण कसब जातीला चिकटवले, आणि ज्यांचे हात सर्वांत जास्त शिकलेले होते त्यांनाच बुद्धीच्या हिशेबातून वगळले. हाताने काम करणारा तो कामकरी, डोक्याने करणारा तो शहाणा, अशी वाटणी केली. मेंदूविज्ञान आणि उत्क्रांती या दोन्हींचा कौल या वाटणीच्या विरुद्ध आहे. २०१७ मध्ये ऐकू आलेला 'अक्कल वापरली नाही' हा सूर त्याच वाटणीतून आला होता.

यंत्राला विरोध करणे हा या मांडणीचा अर्थ नाही. फवारणीसाठी आता ड्रोन येत आहेत. ड्रोनमध्येही हाताला खबर नसते, पण तिथे माणूस विषापासून दूर उभा असतो, आणि ते चांगलेच आहे. सर्वांत धोक्याचे साधन मधले : अंगावर लादलेले, तरी अंगाशी न बोलणारे. अशा साधनाची खबर देण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि मंजूर करणाऱ्यावर टाकायला हवी. टाकी पाझरू नये, फवाऱ्याचा थेंब ठराविक मापापेक्षा बारीक होऊ नये, डोक्याएवढ्या पिकात पाठपंपाने फवारणीच होऊ नये, हे नियम मजुराच्या सावधगिरीवर सोडण्याचे नाहीत.

कृषी प्रदर्शनात नवे अवजार मांडतात तेव्हा ते तासाला किती एकर करते आणि किती मजूर वाचवते, हे पाटीवर लिहिलेले असते. काम बिघडू लागले तर ते हाताला कसे कळेल, याची ओळ त्या पाटीवर नसते. खरेदीआधी हा प्रश्न विचारण्याचा हक्क अवजार पाठीवर घेणाऱ्याला आहे, आणि त्याचे उत्तर लेबलावरच्या बारीक अक्षरांत न देता अवजाराच्या घडणीतच द्यायला हवे.